दोन बोटं खाली

सॅक ऑर्व्हिलची.
फ्रेमच्या ॲल्युमिनियमवर खिळ्यानं ओढलेली रेघ:
खांदेपट्टे इथे. म्हणजे त्याची पाठ इथवर,
तो एकतीस वर्षांचा असताना.
ऑर्व्हिल हा आईचा दुसरा नवरा.
त्याच्या पाठीशी माझ्या पाठीचा
काही संबंध असण्याचं कारण नाही.

चढताना बरी वाटली.
रिकामं ओझं कुणालाही बसतं.
सुऱ्या, दोर, मांसाच्या कापडी पिशव्या, एक ताडपत्री,
दोन दिवसांचे ओट्स.
आयडाहोचा तो डोंगर, खाली पिवळे पडलेले ॲस्पेन,
आणि मी चक्क शीळ घालत होते.

एल्क पडला दुपारी तीनला,
उतारावर, पडलेल्या झाडांच्या जंजाळात,
जिथे पडू नये नेमका तिथे.
लायल आणि मी अंधार होईस्तोवर राबलो.
कातडी सोलली, पाय सांध्यातून सोडवले,
पाठीच्या कण्यालगतचं मऊ मांस वेगळं बांधलं.
थंडीत बोटं बधिर झाली की
मांसाच्या उबेत खुपसायची. तेवढी ऊब अजून होती.

मागचा पाय, हाडासकट.
लायल म्हणाला, ऐंशीच्या वर असेल पौंड.
काटा नव्हता. गुडघे होते.

पहिल्या अर्ध्या मैलात सॅकनं मला ओळखलं नाही.
कमरपट्टा घसरून ढुंगणावर,
खांद्यात पट्टे रुतलेले,
उजवा हात कोपरापासून मुंग्यांचा,
आणि मागून कुणीतरी सतत ओढतंय, चल परत,
जणू तो एल्कच, एका पायानं.
मी बोलले नाही.
ऑर्व्हिलनं हिच्यातून सतरा एल्क उतरवलेत,
सॅकला नावं कशी ठेवायची?

लायल थांबला. "उतरव," म्हणाला.
ओंडक्याला टेकवून ती उभी केली,
तोंडात टॉर्च धरून पिना काढल्या,
मांस वर घेतलं, पाठीलगत आवळलं,
खांदेपट्टे रेघेच्या दोन बोटं खाली आणले.
"बसून घाल. आधी कमर. पोटावर नाही गं, हाडावर.
आता खांदे. आता हे वरचे."
वरचे ते दोन बारके पट्टे
मी आजवर शोभेचे समजत होते.
ओढले, आणि मागे लोंबणारा तो सगळा जीव
पुढे सरकून पाठीला टेकला.

वजन एक औंससुद्धा कमी झालं नाही, हे सांगते.
फक्त दुखण्यानं बिऱ्हाड बदललं.
आता मांड्या बोलत होत्या, घोटे बोलत होते,
कमरेच्या हाडांवर वळ उठत होते,
पण हात माझे होते,
मान वळवून वाट बघता येत होती,
ओढा ओलांडताना दगड हलला
तेव्हा ओझं माझ्याबरोबर हललं,
माझ्याविरुद्ध नाही.
दर वीस मिनिटांनी कमरपट्टा घसरायचा.
थांबायचं, खांदे उचलायचे, पुन्हा आवळायचा.
तीन खेपा. तिसरीला उजाडलं.

गॅरेजमध्ये ऑर्व्हिल स्टुलावर बसलेला,
नवा गुडघा समोर पसरून.
पिशव्या मोजल्या, शिंगं विचारली नाहीत.
मी घाईनं पिना काढून
पट्टे पुन्हा त्याच्या रेघेवर चढवले.
दुसऱ्याची वस्तू होती तशी परत करावी.

त्यानं सवयीनं चढवली. रिकामीच.
कमरेला बक्कल लावलं,
आणि खांदा नि पट्टा यांच्यामध्ये
माझी मूठ जाईल एवढी फट राहिली.
त्यानं पट्टा ओढला. फट तिथेच.
अंगठ्यानं मागे चाचपून रेघ शोधली,
थोडा वेळ अंगठा तिथेच ठेवला.
"पत्रा ताणला गेलाय," म्हणाला.
"असेल," मी म्हटलं.

मग मी मागे उभी राहून
पट्टे दोन बोटं खाली आणले.
बसली.
तशीच पाठीवर घेऊन तो फ्रीझरपर्यंत गेला,
झाकण उघडलं,
आणि आत किती मावेल ते बघत राहिला.